भर मे महिन्यातल्या कोंबड्या

आमच्या घरात पंचांग नाही. मुहूर्त नाही, राहुकाळ नाही, गुरुजी नाहीत. माझे मिस्टर बुद्धभूषण भडगावातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, त्यामुळे मीही सरच म्हणते. त्यांच्यासमोर कुणी "चांगला दिवस बघून करू" असं म्हणालं, की सर त्या माणसाला तिथल्या तिथे उभं करून पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते समजावतात. आता लोक लग्नाचं आमंत्रण द्यायला आले, की पत्रिका टीपॉयवर ठेवून चहा न घेताच पळतात.

तर अशा या माणसाला कोंबड्या पाळायच्या होत्या, आणि त्यासाठी ते गेली तीन वर्षं योग्य वेळ शोधत होते.

पावसाळ्यात सुरुवात करायची नाही, कारण ओल आणि रोगराई. ऐन थंडीत नाही, पिल्लं गारठतात. उन्हाळ्याचं तर नावच काढायचं नाही. खान्देशातल्या उन्हात जिथे माणसाचा मेंदू उकळतो, तिथे कोंबडीचं काय घेऊन बसलात. म्हणजे उरला दिवाळीनंतरचा काळ. पहिल्या दिवाळीनंतर टीव्हीवर कुठल्याशा राज्यात बर्ड फ्लू आल्याची बातमी आली. ते राज्य आमच्यापासून इतकं लांब होतं, की तिथली कोंबडी निघाली असती तरी वाटेतच म्हातारी झाली असती. पण सरांनी बेत रद्द केला. दुसऱ्या दिवाळीनंतर निवडणुकीची ड्यूटी लागली. तिसऱ्या दिवाळीला त्यांच्या लक्षात आलं, की मागच्या अंगणात बांधलेल्या शेडची दिशा चुकली आहे. मग त्यांनी ती पाडली आणि लांब बाजू पूर्व-पश्चिम येईल अशी पुन्हा बांधली. जाळी, पत्रा, पाण्याची भांडी, सगळं सज्ज. शेडवर बोर्ड लावायचा तेवढा बाकी होता. कोंबडी मात्र एक नाही.

माझ्या सासूबाई द्रौपदाबाई, म्हणजे आमच्या अक्का, यांनी त्या शेडमध्ये चुलीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. "कोंबडीले काय टाइम लागस?" त्या म्हणायच्या. "कोंबडीले कोंबडा लागस."

"अक्का, अंड्यासाठी कोंबड्याची गरज नसते. शास्त्रीयदृष्ट्या कोंबडी एकटीसुद्धा—"

"तुले काय माहीत? तू काय कोंबडी शे?"

सर शेडची जाळी तपासायला निघून गेले.

माझं सांगायचं तर पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे. माझा सीझन कोणता, हे मला शोधत बसावं लागत नाही. तो गुरुजी लोक ठरवतात. एप्रिल-मेमध्ये तिथी निघाल्या की नवऱ्या मुलींची रांग लागते. आमच्या घरातला फ्रीज पंचांगाच्या कृपेने आलाय, आणि एकुलता एक कूलरही. तो कूलर पार्लरमध्ये असतो. त्यामुळे उन्हाळ्यात अक्का गिऱ्हाइकासारख्या पार्लरमधल्या स्टुलावर बसून असतात आणि सर दाराबाहेरच्या बोळात चटई टाकून पडतात. फटीतून जो काही गारवा निसटतो, तो त्यांचा.

मागच्या मेमधल्या एका रविवारी असंच सगळं होतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पार्लरच्या खुर्चीत पुनम बसली होती, गिरणा नदीच्या पलीकडच्या एका खेड्यातली मुलगी. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर तिचं लग्न होतं. तिची आई बेबाबाई शेजारी शालूचा डबा मांडीवर घेऊन, बँकेच्या तिजोरीवर पहारा असावा तशी बसली होती. पुनम आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मी तिला विचारलं, लिपस्टिक लाल हवी का मरून, तर ती म्हणाली, "कोणतीही." नवरी मुलगी लिपस्टिकबद्दल ‘कोणतीही’ म्हणाली, की काहीतरी बिनसलंय असं माझा अनुभव सांगतो. पण आई शेजारी असताना विचारता येत नाही.

मी तिचा उजवा डोळा पूर्ण केला आणि डाव्याला हात घालणार, तेवढ्यात बाहेर धाड्‌कन काहीतरी आवाज झाला आणि मग वाफ सुटल्यासारखं फुस्सऽ. बोळातून सर उठून बाहेर गेले. काचेतून मी पाहिलं, तर आमच्या फाटकासमोर एक टेम्पो उभा होता. बॉनेटमधून धूर निघत होता आणि मागे एकावर एक रचलेल्या जाळीच्या क्रेटमध्ये पांढऱ्या कोंबड्या कोंबल्या होत्या. शंभरेक तरी असाव्यात.

ड्रायव्हरचं नाव पुना. डोक्याला ओला टॉवेल बांधलेला, अंगात बनियन. अंड्यांच्या फार्मवरच्या, अंडी कमी झालेल्या म्हाताऱ्या कोंबड्या घेऊन तो बाजाराला निघाला होता. पहाटे निघायचं सोडून माल भरायलाच उशीर झाला, आणि आता गाडी तापून बंद पडली. तो सरांना म्हणाला, "साहेब, पाणी मिळंल का? गाडीला."

"गाडीला?" सर ओरडले. ते कधी ओरडत नाहीत, वर्गातसुद्धा नाही. "अरे, त्या कोंबड्यांकडे बघ!"

कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. वरच्या क्रेटमधल्या काहींच्या माना कलल्या होत्या. उन्हाळ्यात कोंबडी कशी मरते, यावर सरांनी इतकं वाचलं होतं की त्यांना ते सगळं पाठ होतं. पाहिलं मात्र पहिल्यांदाच.

"या तशाही कापायलाच चालल्यात, साहेब," पुना म्हणाला.

"जेव्हा कापायच्या तेव्हा काप. माझ्या दारात नाही मरायच्या."

नंतर जे घडलं त्याची कारणमीमांसा मी आजवर करू शकलेले नाही. ज्या माणसाला रेनकोट घ्यायला दोन पावसाळे लागले, त्या माणसाने टेम्पोवर चढून क्रेटचं झाकण उघडलं, दोन कोंबड्या दोन काखांत धरल्या आणि तो थेट माझ्या पार्लरमध्ये घुसला.

"सपना, कूलर!"

"अहो! नवरी बसलीये!"

"तिला खुर्ची आहे. यांना फरशी दे."

बेबाबाई ताडकन उठल्या. "ओ सर! हाई काय शे? आठे मनी पोर बठेल शे, शालू शे, आनि तुम्ही कोंबड्या आनतस?"

अक्कांनी मात्र स्टूल बाजूला सरकवून कोंबड्यांना जागा करून दिली होती. तीन वर्षांनी त्यांच्या घरात कोंबडी आली होती. नवरीबिवरी त्यांच्या खिजगणतीत नव्हती.

मी सरांना बाहेर काढणार होते. खरंच काढणार होते. हातात पॅलेट होती म्हणून, नाहीतर ढकललंच असतं. पण तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"येऊ द्या ना काकू."

पुनम. एक डोळा हिरॉइनचा, एक झोपेतून उठल्यासारखा. "मलाही कुठे कुणी विचारलं होतं, की बाई, मे महिना चालेल का तुला. मी म्हटलं होतं, थंडीत करा. तर म्हणे, मुलाला सुट्टी नाही आणि गुरुजींकडे तिथी नाही. येऊ द्या त्यांना."

बेबाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आणि मग, मुलीसमोर हरलेल्या आया जसं करतात तसं, त्यांनी शालूचा डबा उचलून कपाटावर ठेवला आणि पदर खोचला. "आना मंग. पन आधी मनी पोरनं आवरा."

सर आणि पुना क्रेट उतरवायला लागले. ज्या कोंबड्या धड होत्या त्यांचे क्रेट कडुनिंबाखाली सावलीत ठेवले. ज्या कलल्या होत्या त्या आत. माझ्या पार्लरच्या फरशीवर, आरशाखाली, हेअर स्टीमरच्या पायाशी, जिथे जागा मिळेल तिथे कोंबड्या पसरल्या. कूलरच्या वाऱ्याने त्यांची पिसं हलत होती. खोलीत वास असा सुटला, की माझं ‘हर्बल’ म्हणून आणलेलं सगळं सामान लाजलं.

आणि लाइट गेली.

कूलर घरघर करत थांबला. त्या शांततेत नुसत्या धापा ऐकू येत होत्या. त्यांतल्या काही पुनमच्या होत्या. तिच्या कपाळावरचा बेस मी पाहत असताना चमकायला लागला.

"बठ्ठ्या मरी जातीन," अक्का म्हणाल्या. "बादलीमा बुडवी काढा त्यासले."

"बुडवायच्या नाहीत!" सर म्हणाले. "एकदम थंड पाण्यात घातल्या तर जागेवर जातील. पाय ओले करा. तुरे ओले करा. खिडकीला ओलं गोणपाट लावा."

गोणपाट कुठून आणायचं? माझे टॉवेल गेले. फेशियलचे पांढरे टॉवेल, ज्यांना मी घरच्यांना हात लावू देत नाही, ते ओले होऊन खिडकीत लटकले. नळाला तर चार दिवसांनी पाणी येतं, ड्रममधलं काढलं. पाय ओले करायला भांडं हवं होतं. सरांची नजर माझ्या पेडिक्युरच्या टबवर गेली. माझी नजर त्यांच्यावर गेली. मी काही बोलायच्या आत दोन कोंबड्या टबमध्ये उभ्या होत्या, पाण्यात पाय टाकून, डोळे मिटून. पूर्ण पैसे देऊन आलेली गिऱ्हाइकंसुद्धा इतकी समाधानी दिसत नाहीत. त्या झाल्या की पुढच्या दोन. तुरे भिजवायला केसांवर मारायची फवाऱ्याची बाटली सरांनी माझ्या हातातून ओढून घेतली.

"साखर-मीठ पाहिजे," ते म्हणाले.

पुनमने पायाजवळची पर्स उघडली आणि इलेक्ट्रालची पाकिटं काढून पुढे केली. मंडपात तिला चक्कर येऊ नये म्हणून वडिलांनी दिली होती. "मला एक ठेवा," ती म्हणाली, "बाकीची त्यांना पाजा."

त्यानंतरचा तास कुणी शूट केला असता तर मी भडगाव सोडलं असतं. मी खुर्ची दारापाशी उजेडात ओढून पुनमचा डावा डोळा रंगवत होते. बेबाबाई एका हाताने पत्रिकांच्या गठ्ठ्याने मुलीला वारा घालत होत्या आणि दुसऱ्या हाताने, आपण काय करतोय याचा विचार न करता, मांडीवरच्या कोंबडीच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडत होत्या. अक्का प्रत्येक कोंबडीला शिव्या देत जागं ठेवत होत्या. पुना रेडिएटरला पाणी घालायचं विसरून ड्रमपासून टबपर्यंत खेपा मारत होता. आणि सर, ओला बनियन, केसांत पीस, गुडघ्यावर रांगत एकेका कोंबडीची धाप मोजल्यासारखी बघत होते. घाबरलेले होते. पण थांबत नव्हते. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

काही कोंबड्या गेल्याच. सर त्या उचलून बाहेर नेत होते.

पुनम हळूहळू बोलायला लागली. कोंबड्यांमुळे तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, त्याचा तिला आधार वाटला असावा. मुलगा चांगला आहे म्हणाली. फक्त ते चोपड्याला राहतात, सासू फार स्वच्छतेची आहे, दिवसातून तीनदा फरशी पुसते म्हणाली. आणि मग फरशीकडे बघून हसायला लागली. इतकी हसली की मला आयलायनर उचलून धरावा लागला. बेबाबाईही हसल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी मांडीवरच्या कोंबडीने त्यांच्या साडीवर कार्यक्रम उरकला. "चांगलं शे," त्या साडी झटकत म्हणाल्या, "म्हंजे जित्ती शे."

लाइट आली तेव्हा पुनम तयार होती. दोन्ही डोळे सारखे झाले नव्हते, पण गोरज मुहूर्ताच्या उजेडात तेवढं खपतं. ती वेळेवर पोचली. नंतर फोटो आले तेव्हा मी पाहिलं, मंगलाष्टकं चालू आहेत, भटजी तोंड उघडून उभे आहेत आणि नवरीच्या अंबाड्यात गजऱ्याशेजारी एक पांढरं पीस आहे. तिच्या सासूने विचारलं तर तिने म्हणे सांगितलं, "नवीन फॅशन आहे."

उन्हं उतरल्यावर पुनाचा टेम्पो सुरू झाला. उभ्या राहू शकणाऱ्या कोंबड्या त्याने भरल्या. दहा-बारा मात्र अजून फरशीवर बसूनच होत्या, धाप थांबलेली, पण पायांत जीव नाही.

"या राहू द्या साहेब तुमच्याकडेच," पुना म्हणाला. "वाटेत मरून मला फेकाव्याच लागतील. शेठला सांगतो, उन्हाने गेल्या."

"नाही नाही," सर दचकले. "माझी तयारी नाही. ही योग्य वेळ नाही. हे बघ, दिवाळीनंतर—"

हे वाक्य त्यांनी टेम्पोच्या मागच्या लाल दिव्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतः शेडमधल्या पऱ्हाट्या काढल्या. कोंबड्या आत सोडल्या आणि त्या एका रांगेत, एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. जन्म पिंजऱ्यात गेलेला. माती म्हणजे काय तेच ठाऊक नाही. माना उघड्याबोडक्या, चोची छाटलेल्या, पाठीवर गुलाबी कातडी. शेजारचे हिलाल आबा कुंपणावरून डोकावून म्हणाले, "सर, ह्या कोंबड्या शेतस का गिधाडं?" शाळेतले सहकारी बघायला आले आणि न हसता परत गेले, म्हणजे कोपऱ्यापर्यंत न हसता.

सरांना मे महिन्याची सुट्टी होती. त्यांनी शेडच्या जाळीला गोणपाट बांधलं आणि दर थोड्या वेळाने ते भिजवत बसले. पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी तीन कोंबड्या गेल्या. तिसरी गेली त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एका गिऱ्हाइकाला वाफ देऊन मागे गेले, तर सर शेडमध्ये जमिनीवर बसले होते, डोक्यावर ओला पंचा, समोर कोंबड्या.

"सपना," ते म्हणाले, "सगळं चुकीचं आहे. ऋतू चुकीचा, जात चुकीची, वय चुकीचं. पिल्लांपासून सुरुवात करतात, मी म्हाताऱ्यांपासून केली. सगळं वाचलेलं उलटं झालंय." मग एका कोंबडीकडे बोट दाखवलं. तिने माती उकरायला पाय मारला होता, चुकून मारावा तसा, आणि स्वतःच दचकली होती. "पण ती बघ ना."

मी त्यांच्याशेजारी बसले. उकिरड्यात बसल्यासारखं होतं. "आपलं लग्न आठवतंय?" मी म्हटलं. "तुम्ही नोकरीत कायम झाल्याशिवाय लग्न करणार नव्हता. कायम झालात तर भर ऑगस्ट, गिरणेला पूर. अर्धं वऱ्हाड पलीकडच्या काठावर उभं राहून हात हलवत होतं."

"तेव्हा मला हवामानाचा अंदाज चुकीचा मिळाला होता," सर म्हणाले. पण त्यांनी माझा हात धरला. हाताला काय लागलं होतं ते मी बघितलं नाही.

आषाढ आला. मानांवर कोवळी पिसं फुटली. कोंबड्या आता अंगणभर हिंडायला लागल्या, गांडुळांवरून भांडायला लागल्या आणि मधूनच, कर्तव्य आठवल्यासारखं, एखादं अंडं घालायला लागल्या. अक्कांनी प्रत्येकीला आपल्या सासरच्या एकेका बाईचं नाव दिलं. सगळ्यांत भांडखोर होती ती भिकुबाई, अक्कांची मोठी नणंद. त्यामुळे अक्कांना भिकुबाईला रोज सकाळी मोठ्याने शिव्या देता यायला लागल्या. खऱ्या भिकुबाईंच्या हयातीत ते जमलं नव्हतं.

आखाड म्हणजे खाण्याचा महिना. हिलाल आबा रोज कुंपणाशी येऊन कोंबड्यांकडे असं बघायचे, जसं लोक लग्नासाठी मुली बघतात. शेवटी त्यांनी विचारलंच. सर म्हणाले, "आबा, या पाळलेल्या आहेत."

"पाळतस कसाले मंग?" आतून अक्का कडाडल्या. "आरती कराले?"

यावरून मायलेकांत आठवडाभर वाद चालला. सरांचं म्हणणं, ज्यांना आपण हाताने पाणी पाजलं त्यांना कसं खायचं. अक्कांचं म्हणणं, आपण मुलांनाही हातानेच भरवतो, पण मोठे झाले की राबवतोच ना. शेवटी असं ठरलं, की कापायची नाही, म्हातारपणाने मरेल तेव्हा मरेल. अक्कांनी हे ऐकलं आणि लगेच मान डोलावली. त्या लगेच मान डोलावतात तेव्हा मी सावध असते.

सर पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. शाळा सुरू झाली होती, संध्याकाळी ते फोनवर पिल्लांची माहिती वाचत आणि मला सांगत, की खरी सुरुवात आता दिवाळीनंतरच करावी; या उन्हाळ्याचं धरायचं नाही, तो अपघात होता.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ते शाळेतून आले, तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच मसाल्याचा वास सुटला होता. खोबरं, कांदा, लवंग, सगळं पाट्यावर वाटलेलं. दुपारपासून चुलीवर शिजत होतं, कारण मांस इतकं चिवट होतं की पऱ्हाट्यांचा निम्मा ढीग संपला. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, कांदा फोडला, ताटं वाढली.

सरांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग ताटाकडे बघतच विचारलं, "कोण होती?"

"भिकुबाई," अक्का म्हणाल्या. "कुत्रानी धरी व्हती सकायले. मान मोडेल व्हती. मरीच जाती."

"कुत्र्याने?"

"हो, कुत्रानी. तू काय पंचनामा करशी का? जेव गुपचूप."

अंगणात उरलेल्या कोंबड्या शेडमध्ये जाण्यासाठी गोंधळ घालत होत्या. सरांनी पाण्याचा घोट घेतला, भाकरीचा तुकडा मोडला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"थोडा रस्सा वाढ," ते म्हणाले.